चालू सर्व्हरवर कर्नलच्या सेटिंग्ज बदलताना: नवीन लोकांसाठी

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की अख्खं कोल्हापूर मोबाइलवर एकच आकडा बघत बसतं. ४३ फूट ही धोका पातळी. समजा, पंचगंगेची पातळी दाखवणारी एक छोटी साइट तुमच्याकडे सांभाळायला आहे. भाड्याचा लिनक्स सर्व्हर, ४ जीबी मेमरी, पुढे लोकांच्या विनंत्या घेणारा एनजिनएक्स, मागे पान तयार करणारं पीएचपी आणि डेटाबेस. एरवी तिकडे कोणी फिरकत नाही. पाणी चढायला लागलं की मात्र सगळे एकदम तुटून पडतात, आणि नेमकं तेव्हाच निम्म्या लोकांना पान उघडत नाही. तुम्ही आत जाऊन बघता तर सीपीयू निवांत, मेमरी मोकळी.

मालकांचा फोन येतो: "अहो, साइट उघडंना झाल्या. जरा रिस्टार्ट मारा की."

लगेच मारू नका. कुठे काय तुंबलं याचे आकडे कर्नलने (मेमरी, नेटवर्क सगळं सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याने) मोजून ठेवलेले असतात आणि सर्व्हर रीबूट केला की ते शून्यावर येतात. पुरावाच गेला. शिवाय कर्नलच्या बहुतेक सेटिंग्ज चालू मशीनवर, एकाही माणसाचं कनेक्शन न तोडता बदलता येतात. त्या कशा बघायच्या, कशा बदलायच्या आणि कुठल्यांच्या वाटेला जायचं नाही, ते या लेखात आहे.

आधी एक सूचना. इथे सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. टिंब, तिरकी रेघ आणि खालची रेघ जिथे आहे तिथेच. मुख्य आज्ञेला बोलताना सिसकंट्रोल म्हणतात, टाइप करताना मात्र सलग एस-वाय-एस-सी-टी-एल एवढंच.

या सेटिंग्ज असतात कुठे

/प्रॉक/सिस या फोल्डरमध्ये. तिथल्या फाइल डिस्कवर नसतात. तुम्ही फाइल वाचता तेव्हा कर्नल त्या क्षणी स्वतःकडे असलेला आकडा काढून देतो, आणि लिहिता तेव्हा तो आकडा थेट चालू कर्नलमध्ये जातो. सेव्ह करणं, खात्री विचारणं वगैरे काही नाही. एंटर दाबलं की झालं.

आत बरेच फोल्डर आहेत, पण सुरुवातीला चारच ओळखीचे करून घ्या: 'व्हीएम' म्हणजे मेमरी, 'नेट' म्हणजे नेटवर्क, 'एफएस' म्हणजे फाइलसिस्टम आणि 'कर्नल' म्हणजे बाकी किरकोळ. फोल्डरच्या तिरक्या रेघेच्या जागी टिंब घातलं की सेटिंगचं नाव तयार होतं. /प्रॉक/सिस/व्हीएम/स्वॅपिनेस ही फाइल म्हणजेच व्हीएम.स्वॅपिनेस ही सेटिंग.

पहिली पायरी: बघा आणि जपून ठेवा

एक सेटिंग बघायला:

सिसकंट्रोल व्हीएम.स्वॅपिनेस

सगळ्या बघायला 'सिसकंट्रोल -ए'. शेकडो ओळी येतील, त्या वाचत बसू नका. त्याऐवजी काहीही बदलण्याआधी त्या फाइलमध्ये उतरवून ठेवा:

सुडो सिसकंट्रोल -ए > आधीचे.टीएक्सटी

सुडो म्हणजे पुढची आज्ञा मुख्य प्रशासकाच्या (रूटच्या) अधिकारात चालवा. फाइलच्या नावात तारीख घाला. सोबत 'युनेम -आर' चालवून कर्नलची आवृत्ती लिहून ठेवा. ती का लागते ते पुढे कळेल; एकाच नावाच्या सेटिंगचा मूळ आकडा जुन्या कर्नलमध्ये वेगळा, नव्यात वेगळा असतो.

नव्या मुलांच्या हातून इथे हमखास एक गोष्ट राहते. बदललेला आकडा लक्षात असतो, आधीचा काय होता ते कोणालाच आठवत नाही. रात्री दोन वाजता पूर्वपदावर यायचं म्हटलं तर ही फाइलच कामाला येते.

दुसरी पायरी: तात्पुरता बदल

सुडो सिसकंट्रोल -डब्ल्यू व्हीएम.स्वॅपिनेस=१०

बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. हा बदल रीबूटपर्यंतच टिकतो, आणि चालू सर्व्हरवर तोच त्याचा मोठा गुण आहे. काही बिघडलं तर जुना आकडा टाका किंवा अगदीच हाताबाहेर गेलं तर रीबूट करा. म्हणून कुठलीही सेटिंग आधी अशी तात्पुरती बदलायची, काही तास नजर ठेवायची आणि मगच फाइलमध्ये पक्की करायची.

बरेच जण सुडो लावून 'एको १०' चा आउटपुट बाणाने थेट /प्रॉक/सिसमधल्या फाइलमध्ये टाकायला जातात आणि 'परमिशन डिनाइड' बघून चक्रावतात. सुडो लावलंय, तरी परवानगी का नाही? कारण सुडो लागला फक्त एकोला. बाणाचं काम तुमचं शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) करतं आणि ते साध्या युजरच्या अधिकारातच चालू असतं. एको करून पाइपने 'सुडो टी' (टाइप करताना टी-ई-ई) कडे द्या, किंवा सरळ -डब्ल्यू वापरा. दुसरा मार्ग बरा, कारण सेटिंगचं नाव चुकलं तर सिसकंट्रोल तोंडावर सांगतो.

तिसरी पायरी: नेमकं काय तुंबलंय ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक लोक या पायरीवरून उडी मारून थेट 'सर्व्हर फास्ट करणाऱ्या ४० ओळी' शोधतात आणि चिकटवतात.

आपल्या पातळीच्या साइटकडे परत येऊ. लोकांना पान उघडत नाही, सीपीयू निवांत आहे. पहिला संशय दारातल्या रांगेवर घ्या. ग्राहकाच्या मोबाइलने सर्व्हरशी जोडणी पूर्ण केली, पण एनजिनएक्सने ती अजून हातात घेतलेली नाही, अशा जोडण्या कर्नल एका रांगेत ठेवतो. रांगेला मर्यादा असते. ती भरली की कर्नल नवीन येणाऱ्यांना दाद देत नाही. मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरत राहतं.

रांग बघायची अशी:

एसएस -एलएनटी

ऐकत बसलेल्या पोर्टांची (सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारांची) यादी येईल. या यादीत 'रिसीव्ह-क्यू' म्हणजे आत्ता रांगेत किती जण उभे आहेत आणि 'सेंड-क्यू' म्हणजे रांगेची कमाल लांबी. ८० किंवा ४४३ पोर्टसमोर रिसीव्ह-क्यू १२९ आणि सेंड-क्यू १२८ दिसलं, तर रांग गच्च भरली आहे. (१२८ च्या रांगेत १२९ कसे, असा प्रश्न पडेल. मर्यादा ओलांडली का हे कर्नल 'पेक्षा जास्त' असं तपासतो, म्हणून एक जण जादा मावतो.)

एका क्षणाचं चित्र फसवू शकतं, म्हणून मोजदादही बघा:

एनस्टॅट -एझेड

यात 'लिसनओव्हरफ्लोज' आणि 'लिसनड्रॉप्स' या दोन ओळी शोधा. आकडा बघा, मिनिटभराने परत बघा. वाढत असेल तर रांगेतून माणसं परत जात आहेत हे नक्की. आकडा शून्य असेल किंवा हलत नसेल, तर दुखणं इथे नाही. रांग वाढवून काडीचाही फरक पडणार नाही.

रांग वाढवायची कशी, आणि वाढवूनही का वाढत नाही

कमाल मर्यादा नेट.कोअर.सोमॅक्सकॉन या सेटिंगमध्ये असते. जुन्या कर्नलमध्ये मूळ आकडा १२८ होता, ५.४ पासून तो ४०९६ झाला. म्हणजे सेंटओएस ७ (कर्नल ३.१०) किंवा उबुंटू १८.०४ (कर्नल ४.१५) अजून चालवत असाल तर १२८ दिसेल, उबुंटू २०.०४ पासून पुढे ४०९६.

समजा १२८ आहे आणि तुम्ही वाढवलं:

सुडो सिसकंट्रोल -डब्ल्यू नेट.कोअर.सोमॅक्सकॉन=१०२४

परत 'एसएस -एलएनटी' बघितलं, तर सेंड-क्यू अजून १२८ च! सेटिंग वाचली तर ती १०२४ दाखवते. इथे भलेभले गोंधळतात.

कर्नल ही मर्यादा प्रोग्रामने 'लिसन' म्हटलं त्या क्षणी लावतो. एनजिनएक्सने ते कधीच म्हटलेलं आहे, बहुधा महिन्यांपूर्वी, आणि तेव्हाची १२८ ची रांग तो आजही वापरतोय. नवा आकडा लागू व्हायला त्याने पुन्हा 'लिसन' म्हणायला हवं, म्हणजे सर्व्हिस पुन्हा सुरू करायला हवी. नुसत्या रीलोडवर विसंबू नका. काहीही केलं तरी शेवटी एसएसमधला सेंड-क्यू बदलला का ते डोळ्यांनी बघा.

सर्व्हिस रिस्टार्ट केल्यावरही १०२४ दिसणार नाही, ५११ दिसेल. कारण प्रोग्राम स्वतः किती लांबीची रांग मागतो आणि कर्नल किती देऊ करतो, यांतला लहान आकडा लागतो. लिनक्सवर एनजिनएक्स मुळात ५११ मागतो. जास्त हवी असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये लिसनच्या ओळीत बॅकलॉग=१०२४ असं लिहावं लागतं.

एक बदल करताना तीन ठिकाणं बघावी लागली: कर्नलचा आकडा, प्रोग्रामची मागणी आणि चालू सॉकेटवर (जोडण्या घ्यायला प्रोग्रामने उघडलेल्या टोकावर) प्रत्यक्ष लागलेली मर्यादा. या धंद्यात निम्मी डोकेदुखी अशीच असते. कर्नलने 'हो' म्हटलं म्हणजे तुमच्या प्रोग्रामपर्यंत ते पोचलं असं नाही.

आता माझं मत. रांग लांब केल्याने दोन मिनिटांची झुंबड निभावते, पण मागचं पीएचपी मंद असेल तर लोक दाराबाहेर तिष्ठण्याऐवजी दाराच्या आत तिष्ठतात, एवढाच फरक. पीएचपीचे वर्कर (एका वेळी काम करणाऱ्या प्रोसेस) किती आहेत ते आधी बघा. एनजिनएक्स आणि पीएचपी युनिक्स सॉकेटने जोडलेले असतील तर त्या सॉकेटलाही रांग असते, ती 'एसएस -एलएनएक्स' मध्ये दिसते. ती भरली की एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' आणि लोकांच्या मोबाइलवर ५०२ येतो. आणि पातळीचा आकडा काही सेकंदासेकंदाला बदलत नाही. ते पान मिनिटभर कॅशमध्ये (तयार प्रत म्हणून) ठेवलं तर कर्नलला हात लावायची वेळच येणार नाही.

पोर्ट संपतात तेव्हा

एनजिनएक्स मागच्या प्रोग्रामशी टीसीपी पोर्टवर बोलत असेल तर दुसरं एक दुखणं संभवतं. लॉगमध्ये 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस' असं दिसतं. सर्व्हर स्वतः बाहेर जोडणी करतो तेव्हा त्याला एक तात्पुरता पोर्ट लागतो. तो नेट.आयपीव्ही४.आयपी_लोकल_पोर्ट_रेंज या पट्ट्यातून मिळतो, मूळ पट्टा ३२७६८ ते ६०९९९. म्हणजे २८,२३२ पोर्ट. आधी बंद करणाऱ्या बाजूची जोडणी त्यानंतर ६० सेकंद 'टाइम-वेट' मध्ये अडकून राहते. भागाकार करा: एकाच पत्त्याच्या एकाच पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नव्या जोडण्या, त्यापुढे गाडी अडते.

पहिला उपाय कर्नलमध्ये नाही. मागच्या बाजूला किपअलाइव्ह चालू करा, म्हणजे तीच जोडणी पुन्हा पुन्हा वापरली जाते. ते जमत नसेल तरच पट्टा रुंद करा, आणि तेव्हा मागच्या प्रोग्रामचा ८०८० किंवा डेटाबेसचा ३३०६ पट्ट्यात येत असेल तर तो आयपी_लोकल_रिझर्व्ह्ड_पोर्ट्समध्ये राखून ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी डेटाबेस रिस्टार्ट करायला जाल आणि त्याचाच पोर्ट दुसऱ्याने बळकावलेला असेल.

याच संदर्भात दोन जुने सल्ले अजून फिरत असतात. पहिला: टीसीपी_फिन_टाइमआउट कमी करा, टाइम-वेट कमी होईल. होत नाही. लिनक्समध्ये टाइम-वेटचे ६० सेकंद कर्नलच्या कोडमध्येच पक्के आहेत; ही सेटिंग 'फिन-वेट-२' नावाच्या वेगळ्याच अवस्थेसाठी आहे. दुसरा सल्ला जास्त घातक: टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल=१. एकाच आयपी पत्त्यावरून येणारं सगळं एकाच मशीनचं, असं गृहीत धरून ही सेटिंग वेळेचे शिक्के तपासायची. पण मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागे ठेवतात. मग राजारामपुरीतल्या एकाला साइट दिसायची, त्याच्या शेजारच्याला नाही, आणि सर्व्हरवर काहीच चुकीचं दिसायचं नाही. २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मधून ती काढूनच टाकली. आज ती ओळ चिकटवली तर 'नो सच फाइल' असं उत्तर येईल. एखाद्या यादीत ही ओळ दिसली की ती अख्खी यादी बाजूला ठेवा. लिहिणाऱ्याने ती कित्येक वर्षांत स्वतः चालवून बघितलेली नाही.

मेमरी: थोडं सांभाळून

व्हीएम.स्वॅपिनेसचा मूळ आकडा ६०. मेमरी ६० टक्के भरली की स्वॅप (मेमरीतला डेटा डिस्कवर हलवणं) सुरू, असा याचा अर्थ लावतात, तो चुकीचा. मेमरी मोकळी करायची वेळ आली की प्रोग्रामची पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे) स्वॅपवर पाठवायची का फाइलचा कॅश सोडायचा, यांतला कल त्या आकड्याने ठरतो. पूर्वी तो ० ते १०० असायचा, कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत जातो. शून्य टाकलं म्हणून स्वॅप बंद होत नाही. डेटाबेसच्या मशीनवर मी १० च्या आसपास ठेवतो. पण आधी 'व्हीएमस्टॅट १' लावून 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन रकाने बघा. तिथे सतत शून्य असेल तर हा आकडा ६० असो की १०, सारखंच.

चालू सर्व्हरवर प्रयोग म्हणून हात लावू नये अशी एक सेटिंग म्हणजे व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी. २ टाकलं की कर्नल कडक हिशेबावर येतो: सगळ्या प्रोग्रामनी मिळून मागितलेली मेमरी, स्वॅप अधिक निम्मी रॅम यापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. तुमचा सर्व्हर आधीच त्यापुढे गेलेला असेल तर त्या क्षणापासून नवीन प्रोसेस उभीच राहत नाही. त्यात तुमचं पुढचं एसएसएच लॉगिनही (सर्व्हरमध्ये दुरून शिरायची वाट) आलं. आत जायला दार नाही आणि बाहेरून साइटही बंद. आधी /प्रॉक/मेमइन्फोमध्ये 'कमिटलिमिट' आणि 'कमिटेड_एएस' हे दोन आकडे ताडून बघा.

व्हीएम.ड्रॉप_कॅशेस ही तर सेटिंगच नव्हे. त्यात आकडा लिहिणं म्हणजे कॅश ओतून द्यायचा हुकूम. 'मेमरी मोकळी दिसावी' म्हणून दर तासाला क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) ती लावलेले सर्व्हर असतात. कॅश रिकामा झाला की तोच डेटा परत डिस्कवरून वाचावा लागतो, दुसरं काही साधत नाही.

'टू मेनी ओपन फाइल्स'

ही एरर आली की लोक एफएस.फाइल-मॅक्स वाढवायला धावतात. बहुतेक वेळा अपराधी दुसराच असतो: त्या एका प्रोसेसची मर्यादा, जी बऱ्याच ठिकाणी १०२४ असते. एफएस.फाइल-एनआर वाचा, तीन आकडे येतील, पहिला उघडलेल्या फाइलींचा, तिसरा कमाल मर्यादेचा. दोघांत भरपूर अंतर असेल तर कर्नलला सोडा. /प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरमधली 'लिमिट्स' फाइल उघडा, आणि सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये 'लिमिटएनओफाइल' (यात पहिलं अक्षर आणि शेवटची सहा अक्षरं कॅपिटल) वाढवा.

ज्यांना आपण होऊन काम करता येतं त्यांना करू द्या

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. पाणी चढलं की दाबाने आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात, कोणी चाक फिरवत नाही. लिनक्समधले टीसीपीचे बफर तसेच आहेत. टीसीपी_आरमेम आणि टीसीपी_डब्ल्यूमेममध्ये तीन तीन आकडे असतात: किमान, सुरुवातीचा आणि कमाल. मधल्या मध्ये प्रत्येक जोडणीच्या वेगानुसार कर्नल स्वतः कमी-जास्त करतो. मधला आकडा उगाच मोठा केला तर प्रत्येक जोडणीला गरज नसताना जास्त मेमरी धरायची मुभा मिळेल, आणि पुराच्या दिवशी जोडण्या हजारोंनी असतात.

यांच्याच शेजारी टीसीपी_मेम आहे, तिथे आणखी एक खड्डा. आरमेम-डब्ल्यूमेमचे आकडे बाइटमध्ये असतात, टीसीपी_मेमचे पानांमध्ये. सर्वसाधारण मशीनवर एक पान ४०९६ बाइटचं. तिन्ही ओळींत एकच आकडे चिकटवणारे लेख सर्रास आढळतात. तसं केलं की टीसीपीला मशीनमध्ये आहे त्यापेक्षा किती तरी जास्त मेमरी वापरायची मुभा मिळते.

नेटवर्कची सेटिंग बदलताना दोर बांधून उतरा

सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि तुम्ही रंकाळ्याजवळ घरी. नेटवर्कची एखादी सेटिंग चुकली आणि एसएसएच तुटलं, तर दुरुस्त करायलाही वाट उरत नाही. सर्व्हर शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसात असला म्हणून फार फरक पडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली होता. साइटची गरज नेमकी तेव्हाच.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, दुसऱ्या टर्मिनलमध्ये आणखी एक लॉगिन उघडं ठेवा. दोन, बदल करण्याआधी परतीची सोय लावा. टीमक्स (लॉगिन तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) उघडा, त्यात 'सुडो -आय' करून रूट व्हा आणि असं चालवा:

स्लीप ३०० ; सिसकंट्रोल -डब्ल्यू सेटिंगचं_नाव=जुना_आकडा

मग दुसऱ्या टर्मिनलमधून नवा आकडा टाका. पाच मिनिटांत सगळं ठीक दिसलं तर टीमक्समध्ये जाऊन स्लीप थांबवा. तुमचं लॉगिन तुटलं तर चहा प्या. पाच मिनिटांनी जुना आकडा आपोआप परत येईल. आधी रूट व्हायचं ते यासाठी, की पाच मिनिटांनी सुडो पासवर्ड विचारायला लागला तर तो द्यायला तिथे कोणी नसेल.

आणि एका वेळी एकच बदल. पाच बदल एकदम केले आणि साइट सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर आणखीच पंचाईत.

पक्कं करताना

तात्पुरता बदल टिकला, आकडे सुधारले, आता तो रीबूटनंतरही राहायला हवा. /ईटीसी/सिसकंट्रोल.डी या फोल्डरमध्ये स्वतःची फाइल करा, उदाहरणार्थ ९०-पाणीपातळी.कॉन्फ, आणि नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत. आत असं:

# जुलैत लिसनओव्हरफ्लोज वाढत होते, मूळ आकडा १२८
नेट.कोअर.सोमॅक्सकॉन = १०२४

वरची ओळ खालच्या ओळीइतकीच महत्त्वाची. दोन वर्षांनी तुमच्या जागी आलेल्या माणसाला नुसता आकडा बघून काहीच समजणार नाही, आणि न समजलेला आकडा पुसायचं धाडस कोणी करत नाही.

अशा फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोन फाइलींत असेल तर नंतरची जिंकते. म्हणून पुढे ९० सारखा मोठा आकडा. जुन्या लेखांत सगळं /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ या एकाच फाइलमध्ये लिहायला सांगतात. डेबियन १३ मध्ये बूट होताना ती फाइल आता वाचलीच जात नाही. स्वतंत्र फाइल केलेली बरी.

फाइल लागू करायला:

सुडो सिसकंट्रोल -पी /ईटीसी/सिसकंट्रोल.डी/९०-पाणीपातळी.कॉन्फ

यासाठी बरेच जण 'सिसकंट्रोल --सिस्टम' चालवतात. चालू सर्व्हरवर मी ते टाळतो, कारण ते सगळ्याच फाइली नव्याने लावतं. समजा सर्व्हरवर डॉकर आहे, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारी सोय. डॉकरने सुरू होताना नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड (एका नेटवर्कचं पॅकेट दुसऱ्याकडे पुढे पाठवायची मुभा) १ केलेलं असतं. आणि कोण्या एके काळी सुरक्षेच्या यादीतून कोणी तरी आयपी_फॉरवर्ड = ० अशी ओळ एका फाइलमध्ये लिहून ठेवली आहे. बूट होताना ती आधी लागते, मग डॉकर येऊन ती बदलतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही भर दुपारी --सिस्टम चालवता आणि सगळ्या कंटेनरचं नेटवर्क तुटतं. तुम्ही मात्र बदललेली असते फक्त सोमॅक्सकॉन.

बूटच्या क्रमाचा असाच एक चकवा कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये आहे. फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद एका टेबलात ठेवतो. ते भरलं की 'डीमेसेज' (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी, कर्नलच्या नोंदी) मध्ये 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशा ओळी येतात. नेट.नेटफिल्टर.एनएफ_कॉनट्रॅक_काउंट आणि एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्स ताडून बघा आणि मॅक्स वाढवा. फाइलमध्येही लिहा. पण रीबूट झाल्यावर आकडा जुनाच दिसेल, असं होऊ शकतं, कारण ही सेटिंग एनएफ_कॉनट्रॅक हे मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा भाग) लोड झाल्यावरच जन्माला येते आणि तुमची फाइल त्याआधी वाचली गेली. /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये एका फाइलीत त्या मॉड्यूलचं नाव लिहिलं की ते आधी लोड होतं.

कंटेनर आणि स्वस्तातले सर्व्हर

'नेट' खालच्या बऱ्याच सेटिंग्ज प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्याला) वेगळ्या असतात. एनजिनएक्स डॉकरमध्ये चालत असेल तर होस्टवर (मूळ मशीनवर) सोमॅक्सकॉन वाढवून त्याला काही कळत नाही. कंटेनर सुरू करताना --सिसकंट्रोल पर्यायातून तो आकडा द्यावा लागतो. 'व्हीएम' खालच्या मात्र सगळ्या मशीनला मिळून एकच. इलॅस्टिकसर्च या शोध घेणाऱ्या प्रोग्रामचा कंटेनर व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट वाढवायला सांगतो, ती होस्टवरच बदलायची.

काही स्वस्त सर्व्हर स्वतःच कंटेनर असतात, कर्नल घरमालकाचा. तिथे 'परमिशन डिनाइड' किंवा 'रीड-ओन्ली फाइलसिस्टम' आलं तर डोकं फोडून घेऊ नका, सेवा देणाऱ्याला विचारा.

सिस्टम अपग्रेड केल्यावर

पावसाळा संपला की निवांतपणे सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्याल, तेव्हा /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मधली आपली फाइल उघडून एकेक ओळ तपासा. वरचीच ओळ घ्या. १२८ च्या जमान्यात सोमॅक्सकॉन = १०२४ लिहून तुम्ही मर्यादा आठपट केली होती. नव्या कर्नलचा मूळ आकडा ४०९६ आहे. तीच ओळ आता मर्यादा एक चतुर्थांशावर आणते, आणि ती ओळ वाढवण्यासाठी लिहिली होती म्हणून तिच्यावर कोणी संशयही घेत नाही.

ओळ काढून टाका. पण नुसती काढल्याने चालू कर्नलमधला १०२४ बदलत नाही. फाइलमध्ये नाव नसलेल्या सेटिंगला सिसकंट्रोल हात लावत नाही. ४०९६ हाताने टाका किंवा पुढच्या रीबूटची वाट बघा. नंतर एनजिनएक्स रिस्टार्ट करून 'एसएस -एलएनटी' मधला सेंड-क्यू बघायचा, आणि त्याच्या लिसनच्या ओळीत बॅकलॉग=१०२४ लिहिलं होतं तेही आठवणीने बदलायचं.